यादीतलं अकरावं घर

आमच्या कॉलनीच्या रहिवासी समितीचा मी चौदा वर्षं सचिव होतो. सचिव म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला थोडक्यात सांगायचं तर ज्याच्या घराची बेल कुणीही, केव्हाही, कसल्याही कारणासाठी वाजवू शकतो, तो सचिव. पगार नाही, ऑफिस नाही, शिपाई नाही. आमच्या घराचा पुढचा व्हरांडा हेच ऑफिस, आणि तिथल्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांपैकी एकीवर उन्हाळाभर आमच्या मंदाचे पापड वाळत असायचे. हार-तुरे आणि सत्कार अध्यक्षांचे. शिव्या मात्र सचिवाच्या, आणि त्या मी नेमाने खाल्ल्या.

या कामात मला ढकललं ते मंदानेच. बँकेतली माझी बरीचशी नोकरी तपासणी विभागात गेली. गावोगावच्या शाखांत जायचं, कपाटं उघडायला लावायची, रजिस्टरं पाहायची आणि शेरे लिहायचे. असा माणूस निवृत्त होऊन चोवीस तास घरात बसला की काय होतं, ते बायकोलाच विचारा. पहिल्याच आठवड्यात मी स्वयंपाकघरातल्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. दुसऱ्या आठवड्यात मंदा थेट आमच्या अध्यक्षांकडे, बर्वेसरांकडे गेली आणि म्हणाली, "सर, यांना कुठेतरी लावून द्या. मी माहेरी जायच्या वयाची राहिले नाही आता."

कॉलनी आमची फ्रीगंजच्या बाजारापासून पायी पंधरा मिनिटांवर. अर्धी घरं मराठी: कुणी बँकेतून आलेलं, कुणी रेल्वेतून, कुणी मास्तर. दोन-तीन घराण्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारी होते आणि ते प्रत्येक मीटिंगमध्ये एकदा तरी तसं सांगतात. उरलेली मंडळी अस्सल माळवी. त्यामुळे आमच्याकडे ठराव हिंदीत होतात आणि भांडणं मराठीत.

कामं म्हणाल तर नाना तऱ्हेची. गल्लीच्या तोंडावर कॅमेरा बसवला, तो वाऱ्याने फिरला आणि चार महिने इमानेइतबारे एका कडुनिंबावर पाळत ठेवून होता. पण सगळ्यात जास्त जीव खाल्ला तो किरायेदारांच्या फॉर्मनी. घर किंवा खोली भाड्याने दिली की भाडेकरूचं नाव, गाव, फोटो, ओळखपत्राची प्रत पोलीस थाण्यात द्यायची असते. फॉर्म साधा, एका पानाचा. पण आमच्या मराठी घरमालकांची तपासणीची पद्धत वेगळी. आधी आडनाव विचारायचं, मग मूळ गाव, मग "इंदूरचे ते अमुक तुमचे कोण?" तिसऱ्या प्रश्नाला ओळख निघाली की चावी हातात. मी फॉर्म मागायला गेलो की उत्तर मिळे, "अहो शेवडे, फॉर्म काय भरता? त्याची आत्या आमच्या वन्संच्या वर्गात होती!" अशाच एका नामांकित आत्याचा भाचा एका सकाळी घरातले तीन पंखे आणि पाण्याची मोटर घेऊन नाहीसा झाला. थाण्यात माझ्यासमोर घरमालकांना विचारलं, मुलाचा पत्ता काय? त्यांनी आत्याचा दिला.

याच्या उलटही पाहिलं. दवाखान्यात नोकरीला असलेला एक तरुण दूरच्या प्रांतातून आला होता. कागदपत्रं सगळी चोख, फाइलमध्ये लावलेली. मी तपासणीला गेलो असतो तर उभा राहून शाबासकी दिली असती. मी स्वतः त्याला घेऊन नऊ घरं फिरलो. नऊही घरमालकांनी "आम्हाला फॅमिलीलाच द्यायचंय" म्हणून वाटेला लावलं. त्याची आत्या कुणाच्याच वर्गात नव्हती. आमच्या वरची खोली तेव्हा रिकामी होती, हेही इथे सांगून टाकतो. मंदाने दोनदा आठवण करून दिली होती. मी म्हणालो, सचिवाने स्वतःच्या घरात माणूस ठेवला तर लोक बोलतील. लोक काहीही बोलले नसते.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं ती सांगतो.

नगर निगमच्या नकाशात प्रत्येक भागाला एक रंग असतो. आमची कॉलनी पिवळी आहे. पिवळं म्हणजे राहायची जागा. तिथे तुम्ही राहा, भाडेकरू ठेवा, पुढच्या खोलीत चार मुलांच्या शिकवण्या घ्या, कुणी हरकत घेत नाही. लॉज, हॉटेल, दुकानं ही निळ्या रंगात. एवढी साधी गोष्ट आहे. पण महाकाळाच्या दर्शनाची गर्दी गेल्या काही वर्षांत अशी वाढली की पिवळ्याचं निळं व्हायला वेळ लागला नाही. घराघरावर होमस्टेच्या पाट्या लागल्या. खालच्या मजल्यावर सासूबाई, वरच्या मजल्यावर यात्री. श्रावणात महाकाळाची पालखी, म्हणजे सवारी निघते त्या दिवशी स्वतःच्या फाटकातून बाहेर पडायला परक्या ड्रायव्हरच्या विनवण्या कराव्या लागायच्या.

यातलं सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे कोपऱ्यावरचं लॉज. तिथे पूर्वी एका रेल्वे गार्डचं बैठं घर होतं. मुलांनी ते पुण्यात बसून विकलं आणि मुकेशजी नावाच्या गृहस्थांनी घेतलं. परवानगी दोन मजली राहत्या घराची. उभे राहिले चार मजले. मुकेशजी बोलायला फार गोड. मी दिसलो की हात जोडणार, "शेवडेजी, सेवा बताइए." सेवा एकच होती, गाड्या गल्लीत लावू नका. त्यावर ते आणखी वाकून हात जोडायचे आणि गाड्या तिथेच राहायच्या.

एका श्रावणी सोमवारी भर दुपारी मोरेकाकांच्या छातीत कळ आली. मोरेकाका म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारे निवृत्त कंपाउंडर, ज्यांनी आम्हा सगळ्यांच्या मुलांना इंजेक्शनं दिली. ॲम्ब्युलन्स वेळेवर आली, पण लॉजसमोर तीन टेम्पो ट्रॅव्हलर आडव्या लागलेल्या, ड्रायव्हर दर्शनाच्या रांगेत. शेवटी चौघांनी काकांना वेताच्या खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलून कोपऱ्यापर्यंत नेलं. खुर्चीचा पुढचा डावा पाय माझ्या हातात होता. काका घामाने भिजलेले, आणि तशातही मला म्हणत होते, "शेवडे, कमरेतून नका वाकू, गुडघ्यातून वाका." काका वाचले. पण डॉक्टर म्हणाले की आणखी थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

त्या रविवारी झालेल्या मीटिंगला इतकी माणसं आली की सतरंज्या कमी पडल्या. लॉजविरुद्ध तक्रार करायची, हे एकमताने ठरलं. अर्जावर पहिली सही केली ती नलूवहिनींनी.

नलूवहिनी म्हणजे बँकेतला माझा मित्र वसंतराव याची बायको. वसंतराव जाऊन आठ वर्षं झाली. वहिनींचं घर आमच्यापासून पाचवं. मुलगा बंगळूरला. वरच्या तीन खोल्यांत वहिनींनी शिकणाऱ्या मुली ठेवल्या होत्या, कुणी नर्सिंगच्या, कुणी बी.एड.च्या, आसपासच्या खेड्यांतल्या. एकाच स्वयंपाकघरात सगळ्यांचं जेवण व्हायचं. कोण किती वाजता घरी येणार हे वहिनींना तोंडपाठ, आणि दहा मिनिटं उशीर झाला तर त्या फाटकात उभ्या. आमच्या कॉलनीत सुरक्षेची म्हणून जी काय व्यवस्था होती, त्यात कॅमेऱ्यापेक्षा नलूवहिनींचा भरवसा जास्त होता. त्यांचे किरायेदार फॉर्म मला कधी मागावे लागले नाहीत. मुलगी आली की दुसऱ्या दिवशी फॉर्म व्हरांड्यात, फोटो चिकटवलेला.

अर्ज घेऊन मी निगमच्या झोन ऑफिसात गेलो. तिथले इंजिनिअर तरुण होते, सरळ होते. म्हणाले, "साहब, एक ही नाम दोगे तो सामनेवाला बोलेगा दुश्मनी है. पूरी कॉलोनी की सूची दे दो, जहाँ-जहाँ घर का दूसरा उपयोग हो रहा है. फिर कोई उँगली नहीं उठाएगा."

हे ऐकून मला काय आनंद झाला म्हणून सांगू! निवृत्तीनंतर इतक्या वर्षांनी कुणीतरी मला माझं काम दिलं होतं. दोन सकाळी पॅड आणि पेन घेऊन मी कॉलनी पालथी घातली. रकाने आखले: अनुक्रमांक, घरमालक, मजले, उपयोग, शेरा. सतरा घरं निघाली. होमस्टे, कोचिंग क्लास, ब्यूटी पार्लर, एक पापड-वड्यांचा कारखाना. अकराव्या नंबरला मी लिहिलं: नलूवहिनींचं नाव, मजले दोन, उपयोग छात्रावास म्हणजे वसतिगृह, शेरा "सात मुली, भोजनासहित".

का लिहिलं? आकस नव्हता, एवढं तर वाचणाऱ्यांना कळेलच. मला ते घर गाळता आलं नाही. आयुष्यभर मी मित्रांच्या शाखांवर शेरे मारले. खुद्द वसंतरावच्या शाखेवर मारला होता आणि त्याने हसून मला वर चहा पाजला होता. ओळखीचं म्हणून एक नाव सोडलं की यादी खोटी झाली, अशी माझी पक्की समजूत. वहिनींना आधी सांगणंही मला पक्षपाताचं वाटलं. नोटीस येईल, त्या उत्तर देतील, प्रकरण संपेल, असा हिशेब होता. बर्वेसरांनी सही केली, नेहमीप्रमाणे न वाचता, आणि यादी गेली. टाइप करून घेतल्यावर ती मी मंदाला कौतुकाने दाखवली होती. तिने चष्मा लावून वाचली आणि विचारलं, "वहिनींना विचारलं?" मी म्हणालो, यात विचारायचं काय?

नोटिसा सतराही घरांना एकाच दिवशी आल्या. होमस्टेवाल्यांना सवय होती. कुणी पाटी उतरवून आत ठेवली, कुणी वकील केला. मुकेशजींनी तर इंदूरहून मोठा वकील आणला. नलूवहिनींकडे उतरवायला पाटीच नव्हती. निवासी घरात छात्रावास चालवणं पंधरा दिवसांत बंद करा, हरकत असल्यास सुनावणीला हजर राहा, असा मजकूर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वहिनी नोटीस घेऊन व्हरांड्यात आल्या. पापडांची खुर्ची मी पुढे केली. वहिनी बसल्या नाहीत.

"भावजी, मुलींची परीक्षा महिन्यावर आली आहे. आता त्यांनी मकान शोधायचं का अभ्यास करायचा?" मग म्हणाल्या, "आणि सुहासचा फोन आला होता. बोलला, आई, आता बस्स झालं. मुली गेल्या की घर काढून टाकू, तू इकडे ये. इतके वर्ष मी त्याला टाळत होते की मुलींना सोडून कशी येऊ. आता काय सांगू त्याला?"

मी नोटीस हातात घेऊन वाचत राहिलो, जणू पहिल्यांदाच वाचतोय.

"कुणी लिहून दिलं असेल हो हे?" वहिनी म्हणाल्या. "सात मुली, भोजनासहित. मेल्याने मोजून लिहिलंय अगदी."

हीच ती वेळ होती. "मी लिहिलं" एवढे दोन शब्द. मी म्हणालो, "बघतो मी काय करता येतं ते." वहिनींना एवढ्यानेही धीर आला. "तुम्ही आहात म्हणून ठीक आहे," म्हणाल्या आणि गेल्या. मंदा दारात उभी होती.

मी तसाच झोन ऑफिसात गेलो. अकरा नंबर मागे घ्यायचा आहे म्हणालो. इंजिनिअर हसले. "शिकायत ऐसे वापस नहीं होती, साहब. और आपकी सूची तो इतनी साफ है कि हमने दूसरी कॉलोनीवालों को दिखाई, ऐसी बनाकर लाओ." ही शाबासकी ऐकून मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

मग त्यांनीच वाट सांगितली. घरमालकीण स्वतः त्या घरात राहते, चूल एक आहे, पाटी नाही, तर मुलींना भाडेकरू धरता येईल. आणि भाडेकरू ठेवणं पिवळ्या जागेत चालतं. फक्त ज्याने यादी केली त्यानेच सुनावणीत उभं राहून सांगायला हवं की अकरा नंबरची नोंद नीट न पाहता केली. एवढं सांगून ते पुढे म्हणाले, "पर सोच लो. एक गलत बोलोगे तो लॉजवाले का वकील बाकी सोलह भी पकड़ेगा."

तेव्हा प्रश्न एवढाच उरला होता. मी बोललो तर नलूवहिनींचं घर वाचतं आणि लॉज सुटतं. गप्प बसलो तर लॉजवर कारवाई होते, आणि वहिनी बंगळूरला.

मी बर्वेसरांना सगळं सांगितलं. सर शाळेचे हेडमास्तर होते, आवाज कधी चढवत नाहीत. त्या दिवशी चढवला. "शेवडे, सगळ्या कॉलनीने तुमच्यावर विश्वास टाकला आहे. मुलींना दुसरी खोली मिळेल. मोरेकाकांना दुसरं हृदय मिळणार आहे का?" सरांचं म्हणणं बरोबर होतं. चूक मात्र माझी होती, आणि तिची किंमत वहिनी भरणार, हे मला सहन होईना. एवढंच काय ते कारण. याला तत्त्व वगैरे म्हणू नये.

सुनावणीच्या दिवशी झोन ऑफिसच्या वरच्या हॉलमध्ये आमचीच अर्धी कॉलनी बसली होती. वहिनी एकट्या आल्या होत्या, मांडीवर कापडी पिशवीत घराची रजिस्ट्री. मला पाहून त्यांनी शेजारची खुर्ची दाखवली. मी तिथे बसलो. तोपर्यंतही मी त्यांना सांगितलं नव्हतं. रोज सकाळी ठरवायचो, आणि रोज संध्याकाळी उद्यावर ढकलायचो.

सुनावणी घेणाऱ्या बाई माझ्या मुलीपेक्षा लहान असतील. त्यांनी यादी वर धरली. "ये सूची किसने बनाई है?"

मी उभा राहिलो. वहिनींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, तरी मला ते कळलं.

"जी, मैंने."

"क्रमांक ग्यारह. छात्रावास लिखा है. आपने अंदर जाकर देखा था?"

"जी नहीं. ऊपर मैं गया ही नहीं. गेट से देखकर लिखा." हे खरं होतं. मुलींच्या खोल्यांत मी कशाला जाईन?

"तो सात लड़कियाँ, भोजनासहित, ये कैसे लिखा?"

मी बाईंच्या हातातल्या यादीकडे पाहिलं. नंतर म्हणालो, "मोहल्ले में सुना था, मैडम."

बाईंनी लिहून घेतलं. मग वहिनींना दोन-तीन प्रश्न विचारले. आपण कुठे राहता, चूल किती, मुलींचे किरायेदार फॉर्म थाण्यात दिलेत का. वहिनींनी पिशवीतून सगळ्या फॉर्मच्या पावत्या काढून टेबलावर ठेवल्या. अकरा नंबर खोडला गेला. याला पाच मिनिटंही लागली नाहीत.

नंतर इंदूरचे वकील उठले. अतिशय अदबीने त्यांनी विचारलं, "शेवडेजी, बाकी सोलह घरों में से कितनों के अंदर आप गए थे?"

"दो."

"मेरे मुवक्किल के यहाँ?"

"नहीं."

"पर आपने तो लिखा है, बाईस कमरे."

"खिड़कियाँ गिनी थीं."

हॉलमध्ये हशा पिकला. आमच्या कॉलनीचे लोकही हसले, आणि मग त्यांना कळलं की आपण कशावर हसतो आहोत. यादी विश्वासार्ह नाही, सोळाही ठिकाणी निगमने नव्याने पाहणी करावी, असा आदेश झाला. पाहणी पुढे झालीही. पण तोपर्यंत लॉजवाल्यांचे बांधकाम नियमित करून घेण्याचे अर्ज रीतसर दाखल झाले होते आणि प्रकरण कागदांत शिरलं ते अजून बाहेर आलेलं नाही. खाली जिन्यात मुकेशजींनी मला वाकून नमस्कार केला. "शेवडेजी, आप सच्चे आदमी हैं." इतका अपमान माझा आयुष्यात कुणी केला नव्हता.

बर्वेसर माझ्यासमोरून स्कूटर काढून निघून गेले. वहिनी ई-रिक्षात बसल्या आणि सरकून मला जागा दिली. रिक्षाने फ्रीगंजचा पूल ओलांडला.

"यादी तुमची होती," मग त्या म्हणाल्या.

"हो, वहिनी. माझी चूक झाली. त्या दिवशी व्हरांड्यातच सांगायला पाहिजे होतं."

"सांगितलं असतं तर मी चिडले असते. दोन दिवस चिडले असते, तिसऱ्या दिवशी आपण दोघं मिळून ऑफिसात गेलो असतो. तुमच्या मित्राच्या शाखेवर तुम्ही शेरा मारला होता, तेव्हा ते पण दोन दिवस चिडले होते. तुम्हाला चहा पाजून आले आणि घरी थाळी सरकवून उठले. तुम्हाला ते कधी बोलले नाहीत." हे मला पहिल्यांदाच कळत होतं. "यादीचं मी विसरून जाईन, भावजी. पण तिथे तुम्ही बोलले, मोहल्ल्यात सुना था. सुना था? दर गणपतीत तुम्ही आणि मंदा माझ्या घरी पंगतीला बसता. त्याच मुली तुम्हाला वाढतात. काका, आणखी एक मोदक, काका, वरून तूप. ती आगर गावची पोरगी तर तुमच्या पानापाशी उभीच राहते. तिचं नाव तरी माहीत आहे का तुम्हाला?"

मला माहीत होतं. घरं आली. वहिनी उतरल्या, पिशवी छातीशी धरून फाटकातून आत गेल्या. वरच्या गॅलरीत मुली वाट पाहत उभ्या होत्या. वहिनींनी वर पाहून हाताने "झालं" अशी खूण केली आणि मुलींनी जो काय कल्ला केला तो गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेला असेल.

त्या आठवड्यात मी सचिवपदाचा राजीनामा दिला. कुणी मागे घ्यायला सांगितलं नाही. मोरेकाका वर्षभरात मुलीकडे इंदूरला राहायला गेले, दवाखाना जवळ म्हणून. त्यांनी मला कधी दोष दिला नाही. घर भाड्याने दिलं तेव्हा किरायेदार फॉर्म भरायला ते माझ्याकडेच आले. मी आता सचिव नाही, असं सांगितल्यावर म्हणाले, "अक्षर तर तुमचंच चांगलं आहे ना?" मी फॉर्म भरून दिला. लॉज तसंच राहिलं आणि त्यांचं घर सुटलं ते माझ्या यादीमुळे, हे मी मनाशी कितीही वेळा नाकारून पाहिलं, तरी ते तसंच आहे.

मुलींच्या परीक्षा झाल्या. काही पास होऊन गेल्या, त्यांच्या जागी नव्या आल्या. नलूवहिनी आहेत तिथेच आहेत, आणि सुहासने घर विकण्याचं बोलणं सोडलं आहे. एवढं एक काम माझ्या हातून झालं, असं मी स्वतःला सांगत असतो.

त्या वर्षी गणपतीत वहिनींचा फोन आला. मंदाने उचलला. "हो, हो," म्हणाली, मग माझ्याकडे पाहून आवाज खाली केला. बोलावणं तिला एकटीलाच होतं. मी म्हणालो, जा तू. ती गेली, जेवून आली, आणि साडी बदलून नेहमीसारखी कामाला लागली. तेव्हापासून दर वर्षी असंच चालू आहे.

सुनावणीच्या कागदांवर माझा जबाब कायमचा राहणार आहे. तो खोटा आहे, हे मला इथे लिहायचं होतं, कारण नलूवहिनी हा अंक घेतात आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात. मी मोहल्ल्यात काही ऐकलं नव्हतं. रीना, भारती, संतोषी, अंजली, दोन पूजा, आणि आगरची ममता. मी त्यांच्या हातचं जेवलो होतो.